यूएससी ट्रोजन्स २०१२: नंबर १ वरून थेट ७-६ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लॉस एंजेलिसला यूएससीत (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) एमएस करायला आलेली आपली पोरं पहिल्याच सेमिस्टरला कोलिझियममध्ये, म्हणजे आमच्या घरच्या मैदानावर, एखादी मॅच बघतात, लाल-सोनेरी टीशर्ट घेतात, आणि मग कुणा जुन्या फॅनच्या तोंडून "२०१२" ऐकलं की विचारत सुटतात की नक्की झालं काय होतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. मी स्वतः फॅन आहे त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. आणि हो, इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, अमेरिकन.

२०१२ ला एवढं काय झालं?

सीझन सुरू व्हायच्या आधी एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरचं रँकिंग) यूएससी देशात पहिल्या नंबरवर होती. संपला तेव्हा ७ विजय, ६ पराभव आणि टॉप २५ मध्ये नावसुद्धा नाही. सीझनआधी नंबर १ असलेली टीम शेवटी रँकिंगच्याच बाहेर, हे त्याआधी झालं होतं १९६४ ला, ओल मिसच्या (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) बाबतीत. म्हणजे जवळपास ५० वर्षांत कुणाला न जमलेलं आम्ही करून दाखवलं.

पण नंबर १ दिलाच कशाला होता?

उगाच नव्हता दिला. २०११ ची टीम १०-२ होती, शेवटचं रँकिंग ६, आणि त्या वर्षी क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) मॅट बार्कलीने ३९ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले होते. तो २०१२ च्या एनएफएल ड्राफ्टला (व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) गेला असता तर पहिल्या राउंडमध्ये आरामात उचलला गेला असता असं सगळेच धरून चालले होते, पण २२ डिसेंबर २०११ ला कॅम्पसवर ख्रिसमस ट्रीच्या शेजारी उभं राहून त्याने जाहीर केलं की मी परत येतोय, काम अर्धवट राहिलंय. रॉबर्ट वूड्स आणि मार्कीस ली हे दोन रिसीव्हरही (पास पकडणारे) होतेच, कॉलेजमधली सगळ्यात भारी जोडी. वर जुलैअखेर पेन स्टेटचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) सायलस रेड येऊन मिळाला, कारण तिथल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर एनसीएएने (कॉलेज खेळांची मुख्य संस्था) त्यांच्या खेळाडूंना लगेच दुसरीकडे जायची मुभा दिली होती. कागदावर बघाल तर कुणीही म्हणालं असतं की यंदा ट्रॉफी पक्की.

जे गेले त्यांच्याकडे मात्र कुणी बघितलंच नाही. लेफ्ट टॅकल मॅट कलील त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर मिनेसोटा वायकिंग्जकडे गेला, आणि निक पेरी पहिल्या राउंडमध्येच ग्रीन बेकडे. क्वार्टरबॅकला वाचवणारा गेला आणि समोरच्या क्वार्टरबॅकला पाडणारा पण गेला. रिसीव्हरचे फोटो मॅगझिनवर येतात, टॅकलचे येत नाहीत, त्यातून हा सगळा घोळ.

एनसीएएच्या शिक्षेचा किती वाटा होता?

माझ्या मते सगळ्यात मोठा, आणि लोक नेमका हाच भाग विसरतात. आमचा जुना रनिंग बॅक रेजी बुश याने कॉलेजात असताना एजंटांकडून पैसे-भेटी घेतल्याच्या प्रकरणात २०१० ला शिक्षा झाली: दोन वर्षं बोल गेम (सीझननंतरच्या निमंत्रणाच्या मॅच) बंद आणि तीन वर्षांत मिळून ३० स्कॉलरशिप कमी. बोलबंदी २०१० आणि २०११ मध्ये भोगून झाली होती, त्यामुळे लोकांना वाटलं की सुटलो. पण अपील चालू असल्यामुळे स्कॉलरशिपची कात्री लांबली होती आणि ती खरी चालू झाली २०१२ लाच. बाकीच्या टीमला ८५ स्कॉलरशिप, आम्हाला ७५. वर्षाला नवीन पोरं २५ घेता यायची तिथे १५.

आता १० पोरं कमी म्हणजे काय फार नाही असं वाटतं, पण हे १० जण पहिल्या अकरातले नसतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले असतात जे ऑक्टोबरमध्ये कुणी लंगडायला लागलं की आत येतात, आणि रोजच्या प्रॅक्टिसला समोर उभे राहतात. जखमी होईल या भीतीने प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंगच (समोरच्याला धरून पाडणं) कमी केलं तर शनिवारी टॅकल चुकणारच ना. पंगत मोठी आणि वाढपी कमी अशी गत होती.

(बुशला त्याची हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची) एप्रिल २०२४ मध्ये परत मिळाली. ज्यासाठी शिक्षा झाली ते आता राजरोस चालतं. असो, रक्त आटवण्यात अर्थ नाही.)

सुरुवात तरी चांगली झाली होती ना?

झकास झाली होती. १ सप्टेंबरला हवाईविरुद्ध पहिल्याच प्लेला बार्कलीने लीला छोटासा पास दिला आणि तो ७५ यार्ड पळत सुटला, टचडाउन. ४९-१०. तरी त्याच आठवड्यात अलाबामाने मिशिगनला असं धुतलं की पोलवाल्यांनी आम्हाला एकही मॅच न हरता दोनवर ढकललं. पुढे सिराक्यूजविरुद्ध ४२-२९, न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर, मध्येच विजा चमकायला लागल्या म्हणून मॅच थांबवलेली.

मग गाडी घसरली कुठे?

१५ सप्टेंबर, स्टॅनफर्ड, २१-१४ ने हार. ही मॅच समजली की अख्खा सीझन समजला. सेंटर खालेद होम्स दुखापतीमुळे बाहेर, त्याच्या जागी सायरस हॉबी नावाचं नवखं पोरगं, आणि समोर स्टॅनफर्डचे दांडगट. सेंटर म्हणजे जो बॉल मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो आणि लाइनमधल्या बाकीच्यांना ओरडून सांगतो की कुणी कुणाला अडवायचं. तोच गांगरला तर मागे बार्कली असो नाहीतर अजून कुणी, पळायचंच काम उरतं. बार्कली चार वेळा आडवा झाला, एकही टचडाउन पास नाही, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), आणि धावून टीमने सगळे मिळून २६ यार्ड काढले. स्टॅनफर्डविरुद्ध सलग चौथी हार होती ती. वूड्स आणि ली दोघं मैदानावर असून बॉल त्यांच्यापर्यंत पोचायला वेळच मिळेना.

त्यानंतर चार मॅच जिंकल्या, कोलोराडोला ५०-६ ने हरवताना बार्कलीने २० पैकी १९ पास पूर्ण केले आणि ६ टचडाउन टाकले, आणि आम्हाला परत वाटायला लागलं की सगळं ठीक आहे. नव्हतं.

एका रिसीव्हरने ३४५ यार्ड काढले आणि तरी टीम हरली, हे खरं आहे का?

खरंय. २७ ऑक्टोबर, टूसॉन, अॅरिझोना. मार्कीस ली १६ कॅच, ३४५ यार्ड, कॉन्फरन्सचा (पॅक-१२, आम्ही ज्या गटात खेळायचो तो) रेकॉर्ड. बार्कलीचे ४९३ यार्ड, यूएससीचा रेकॉर्ड. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोअर २८-१३, म्हणजे पाय पसरून बसायची वेळ. तिथून अॅरिझोनाने ओळीने २६ पॉइंट्स काढले आणि आम्ही एकही नाही. शेवट ३९-३६. पाच वेळा बॉल हातचा घालवला, पेनल्टीचे पिवळे रुमाल तर पडतच होते. लीला कुणी अडवूच शकत नव्हतं, दोघं अंगावर घेऊन तो पळायचा, आणि पुढच्या प्लेला आपलाच कुणीतरी बॉल सोडायचा.

ओरेगनने ६२ मारले तेव्हा डिफेन्स काय करत होता?

बघत होता. ३ नोव्हेंबर, कोलिझियम, ६२-५१. यूएससीच्या इतिहासात कुणीही आमच्याविरुद्ध एवढे पॉइंट्स काढले नव्हते. ओरेगनचे ७३० यार्ड, त्यातले केन्यन बार्नरचे एकट्याचे धावून ३२१ आणि ५ टचडाउन.

डिफेन्सचे सूत्रधार होते माँटी किफिन, हेड कोच लेन किफिनचे वडील. मोठा माणूस, टँपा बेला सुपर बोल जिंकून देणाऱ्या डिफेन्समागचं डोकं त्यांचं. पण त्यांची पद्धत एनएफएलसाठी बनलेली होती, आणि ओरेगन वीस-वीस सेकंदांत पुढचा प्ले लावून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवायचे. ७२ व्या वर्षी त्यांना पोरांच्या स्पीडशी जुळवून घ्यायला लागत होतं आणि बदली खेळाडू तर मुळातच कमी. सीझन संपताना त्यांनी पद सोडलं आणि डॅलस काउबॉइजकडे गेले. २०२४ मध्ये ते वारले.

बॉलमधली हवा काढल्याची भानगड कोणती?

याच ओरेगन मॅचची. काही बॉल नियमापेक्षा कमी हवेचे सापडले, एका स्टुडंट मॅनेजरला काढून टाकलं, आणि पॅक-१२ ने यूएससीला २५,००० डॉलर दंड ठोकला. युनिव्हर्सिटीचं म्हणणं होतं की कोच किंवा खेळाडूंना काही माहीत नव्हतं. हवा काढूनही ११ पॉइंट्सनी हरलो याच्यावर लोक अजून हसतात, हसू देत.

बार्कलीला दुखापत कधी झाली?

१७ नोव्हेंबर, यूसीएलएविरुद्ध, रोज बोलमध्ये. अँथनी बारने मागून येऊन त्याला खांद्यावर आदळलं आणि बार्कलीचं कॉलेज करिअर तिथे संपलं. ३८-२८ ने हरलो ते वेगळंच, शेजाऱ्यांकडून हरायचं दुःख एलएमध्ये राहिल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या शनिवारी नोट्रे डेम, आणि क्वार्टरबॅक मॅक्स विटेक, आयुष्यातली पहिली सुरुवात. स्कोअर २२-१३, शेवटची काही मिनिटं, बॉल गोललाइनपासून हातभर अंतरावर. नोट्रे डेमच्या चुका, पेनल्टी, परत संधी, परत ढकलाढकली, आणि चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, पास अपूर्ण. एवढ्या मोठ्या टीमला एक यार्ड मिळेना. परत तेच, लाइन. नोट्रे डेम १२-० होऊन फायनलला गेली (तिथे अलाबामाने ४२-१४ ने त्यांचं पानिपत केलं).

सन बोल खरंच एवढी वाईट होती का?

त्याहून वाईट. एल पासो, ३१ डिसेंबर, थंडी आणि सोसाट्याचा वारा, समोर जॉर्जिया टेक, ज्यांचा स्वतःचा रेकॉर्ड ६-७ होता. विटेकने ३७ पैकी १४ पास पूर्ण केले, १०७ यार्ड, ३ इंटरसेप्शन. हार २१-७. मॅचआधीच्या जेवणाला आमची टीम उशिरा पोचली आणि समोरचे ताटकळत बसले, काही पोरांनी एल पासोबद्दल ट्विटरवर नको ते लिहिलं, आणि मॅच झाल्यावर लॉकर रूममध्ये आपापसातच जुंपल्याच्या बातम्या आल्या. ज्यांना जानेवारीत नॅशनल टायटल खेळायचं होतं त्यांना तिथे असायचंच नव्हतं, आणि ते पहिल्या मिनिटापासून दिसत होतं.

सगळा दोष लेन किफिनचा का?

सगळा नाही, पण पोरकटपणा भरपूर केला. सीझनआधी म्हणाला मी कोचेसच्या पोलमध्ये यूएससीला नंबर १ चं मत देणार नाही, मग पेपरवाल्यांनी बाहेर काढलं की त्याने तेच दिलं होतं, आणि शेवटी मतदानाचा हक्कच सोडावा लागला. खेळाडूंच्या दुखापतीबद्दल विचारलं म्हणून अर्ध्या मिनिटात प्रेस सोडून निघून गेला. कोलोराडोविरुद्ध बॅकअप क्वार्टरबॅक कोडी केसलरला दुसराच नंबर घालून उतरवलं, तेही एवढ्या कमजोर टीमविरुद्ध, काय गरज होती कोण जाणे. तरी माझं म्हणणं हेच की ७५ स्कॉलरशिप आणि गळकी लाइन घेऊन दुसरा कोच फार तर दोन मॅच जास्त जिंकला असता, टायटल नाही.

त्याला काढलं पुढच्या वर्षी, २९ सप्टेंबर २०१३, अॅरिझोना स्टेटने ६२-४१ ने हरवल्यावर. पहाटे टीम परत आली आणि एअरपोर्टवरच त्याला बाजूला घेऊन नारळ दिला. अशी पद्धत असते का कुणाला काढायची, ते मात्र मला आजही पटत नाही. पुढे अलाबामाचा ऑफेन्स, फ्लोरिडा अटलांटिक, मग ओल मिसमध्ये चांगला जम बसवला (हो, तेच १९६४ वाले), आणि २०२५ च्या शेवटी तिथूनही उठून एलएसयूला गेला. २०१२ ला त्याच्या हाताखाली असलेल्या एड ऑर्जेरॉनने त्याच एलएसयूला २०१९ चं टायटल १५-० ने जिंकून दिलंय, त्यामुळे तिथे तुलना होणारच.

बार्कलीने २०११ लाच एनएफएलला जायला हवं होतं का?

पैशाच्या हिशोबाने, हो, यात वादच नाही. २०१२ ला पहिल्या राउंडचा माणूस २०१३ ला चौथ्या राउंडमध्ये ९८ वा गेला. कुणी घेतला? फिलाडेल्फिया ईगल्सने, आणि त्यांचा नवा कोच चिप केली, म्हणजे तोच ज्याच्या ओरेगनने आम्हाला ६२ मारले होते. त्या दिवशी बार्कलीने ४८४ यार्ड टाकले होते, केलीने समोरून बघितलंच होतं.

नंतर तो बऱ्याच टीम फिरला. शिकागो बेअर्सकडून २०१६ ला सहा मॅचना सुरुवात केली, त्यातली एकच जिंकली. सगळ्यात मस्त दिवस नोव्हेंबर २०१८ चा: बफेलो बिल्समध्ये येऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्याला जेट्सविरुद्ध उतरवलं, बिल्स ४१-१० ने जिंकले. स्टेडियम तेच मेटलाइफ, आणि जेट्सच्या टीममध्ये त्याचा जुना ट्रोजन दोस्त लेनर्ड विल्यम्स. काही वर्षं बिल्समध्ये जॉश ॲलनचा बॅकअप म्हणून काढली.

लोक त्याला अपयशी म्हणतात ते मला पटत नाही. कॉन्फरन्सचा ११६ टचडाउन पासचा करिअर रेकॉर्ड करून गेलेला माणूस, आणि शिक्षा चालू असताना टीम सोडून पळाला नाही. खांदा, लाइन आणि नशीब, तिन्ही एकाच वर्षी फिरले.

मग सगळ्यात चांगलं करिअर कुणाचं?

वूड्सचं, आणि गंमत म्हणजे २०१२ ला तोच मागे पडला होता. २०११ ला १११ कॅच, २०१२ ला ७६, कारण बॉल सगळा लीकडे जायला लागला. ड्राफ्टला दुसऱ्या राउंडमध्ये ४१ वा, बफेलो. २०१७ ला लॉस एंजेलिस रॅम्सकडे आला आणि रॅम्स तेव्हा खेळायचे कुठे, तर कोलिझियममध्ये! २०१८ आणि २०१९ दोन्ही वर्षी हजारावर यार्ड. २०२१ ला नोव्हेंबरमध्ये प्रॅक्टिसला गुडघा गेला आणि रॅम्सने सुपर बोल जिंकला तेव्हा तो खेळू शकला नाही, पण अंगठी मिळाली. रन प्लेला समोरच्याला अडवायचं घाणेरडं काम तो आवडीने करायचा, कोच लोकांना असा रिसीव्हर हवाच असतो.

निकेल रोबी म्हणजे तोच का, तो पेनल्टीवाला?

तोच. ५ फूट ८ इंचाचा कॉर्नरबॅक, ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही, मग वूड्ससारखाच आधी बिल्स मग रॅम्स. २० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स, शेवटची दोनेक मिनिटं, बॉल हवेत असतानाच रोबीने (तेव्हाचं नाव रोबी-कोलमन) सेंट्सच्या रिसीव्हरला जाऊन आदळवलं. पेनल्टी शंभर टक्के होती, रेफरीने दिली नाही, मॅचनंतर रोबीने स्वतः कबूल केलं. रॅम्स २६-२३ ने जिंकून सुपर बोलला गेले (तिथे पेट्रियट्सनी १३-३ ने हरवलं), आणि एनएफएलला एका वर्षासाठी नियम बदलावा लागला. ड्राफ्ट न झालेल्या पोरामुळे नियम बदलला, कमी आहे का हे?

आणि मार्कीस ली? तो तर स्टार होता.

याचंच वाईट वाटतं. २०१२ ला ११८ कॅच, १,७२१ यार्ड, देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ अवॉर्ड. आई-वडील दोघंही कर्णबधिर, बालपण ओढाताणीत गेलेलं, वूड्सच्याच सेरा हायस्कूलमधला. २०१४ ला जॅक्सनव्हिलने दुसऱ्या राउंडमध्ये घेतला, खेळलाही बरा, २०१७ ला त्यांच्या कॉन्फरन्स फायनलच्या टीममध्ये होता. मग २०१८ ला सीझन सुरू व्हायच्या आधीच गुडघा फुटला आणि तिथून तो पूर्वीसारखा दिसलाच नाही.

त्या वर्षीच्या नवख्या पोरांपैकी कोण पुढे गेलं?

दोन फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे). लेनर्ड विल्यम्स २०१५ ला सहाव्या नंबरवर जेट्सकडे, मग जायंट्स, मग सिअॅटल. डिसेंबर २०२४ मध्ये १३६ किलोच्या आसपासचा हा गडी जेट्सचाच पास पकडून ९२ यार्ड पळाला आणि टचडाउन केला, व्हिडिओ नक्की शोधा.

दुसरा नेल्सन ॲगोलोर, लागोसमध्ये जन्मलेला, २० व्या नंबरवर ईगल्सकडे, परत चिप केलीच. सुरुवातीला एवढे बॉल सोडायचा की फिलाडेल्फियाने त्याला सळो की पळो केलं, पण सुपर बोल ५२ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध ९ कॅच, ८४ यार्ड, आणि ईगल्सना पहिला सुपर बोल. दीड वर्षात पुन्हा टोमणे सुरू: आगीतून खिडकीबाहेर टाकलेली मुलं झेलणाऱ्या एका माणसाने टीव्हीवर सांगितलं की आम्ही झेलली, ॲगोलोरसारखी सोडली नाहीत. ॲगोलोरने त्यालाच मॅचचं आमंत्रण दिलं. याला म्हणतात समज.

बाकीच्यांचं काय?

केसलर २०१६ ला क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला, आठ मॅचना सुरुवात केली, आठही हरला, पण ती टीम १-१५ होती तर तो तरी काय करणार. विटेक हवाईला ट्रान्सफर झाला. टी. जे. मॅकडॉनल्ड आणि होम्स दोघंही ड्राफ्ट झाले. जॉश शॉने २०१४ ला दोन्ही घोटे मुरगळल्यावर पुतण्याला बुडताना वाचवलं अशी कहाणी रचली, उघडी पडली, सस्पेंड झाला, तरी बेंगल्सने घेतला, आणि २०१९ ला बेटिंगवरून एनएफएलने परत सस्पेंड केलं.

मॅक्स टर्क, ज्याला फ्रेशमन असताना त्या गळक्या लाइनमध्ये टॅकलला उभं केलं, तो पुढे चार्जर्सकडे गेला. २०२० च्या जूनमध्ये आई-वडिलांसोबत डोंगरात फिरायला गेलेला असताना वारला, वय २६. ट्रोजन्समध्ये त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला भेटलेला नाही.

लॅमार डॉसनची कोर्ट केस काय होती?

लाइनबॅकर होता, एनएफएलमध्ये नाव नाही झालं, पण माझ्या मते अख्ख्या टीममधलं सगळ्यात मोठं काम त्याने केलं. २०१६ ला एनसीएए आणि पॅक-१२ वर केस टाकली की आम्ही खेळाडू म्हणजे कर्मचारी आहोत, किमान वेतन आणि ओव्हरटाइम द्या. ऑगस्ट २०१९ ला नाइन्थ सर्किट कोर्टाने (फेडरल अपील कोर्ट) सांगितलं की एनसीएए आणि पॅक-१२ हे मालक नाहीत, म्हणजे हरला. युनिव्हर्सिटी मालक आहे का, या प्रश्नाला त्या निकालाने हात लावला नाही. २०२५ पासून दुसऱ्याच एका खटल्यातल्या सेटलमेंटमुळे कॉलेजं खेळाडूंना सरळ पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. आणि ज्या पॅक-१२ वर त्याने केस टाकली होती ती मोडली, यूएससी २०२४ पासून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये आहे.

त्या सीझनची एकच मॅच बघायची तर कोणती?

अॅरिझोना. हरलेली असली तरी लीसाठी बघा, दुसऱ्या हाफमध्ये चहा करायला उठू नका. स्टॅनफर्डची बघायची असेल तर बॉल सोडून फक्त सेंटरकडे बघा. यूसीएलएची मॅच मी स्वतः परत लावत नाही आणि सन बोलच्या वाटेला तर जाऊच नका.